एका पिंजऱ्यात फिंचच्या किती जोड्या?

प्रश्न : दोन फुटी पिंजऱ्यात झेब्रा फिंच या छोट्या पक्ष्यांच्या दोन जोड्या आहेत. एक नर दुसऱ्याची पिसं उपटतो. काय करावं? – एक वाचक, परभणी

उत्तर : दोन फुटांत एकच जोडी ठेवा. दोन जोड्या म्हणजे भांडणाला आमंत्रणच. एक जोडी दुसरीच्या कायम मागे लागते. तीन जोड्या असल्या की राग विभागला जातो, पण त्यासाठी पिंजरा किमान चार फूट लांब हवा. नुसती उंची कामाची नाही, फिंच आडवे उडतात. तीन जोड्यांना घरट्यासाठी पाच-सहा मडकी एकाच उंचीवर टांगा, नाहीतर वरच्या मडक्यासाठी मारामारी ठरलेली. घरट्यात घालायला दिलेला काथ्या बोटभर लांबीचाच कापा. लांब धागा पायात गुंततो. राळ्याच्या दाण्यांची भांडी दोन टोकांना ठेवा. आपल्याकडच्या मे महिन्यात पिंजरा पत्र्याखाली नको.