पहिला टॉवर उभारण्याआधी

हॅम रेडिओच्या, म्हणजे हौशी बिनतारी संपर्काच्या, अँटेनासाठी टॉवर उभारायचा तर उंचीचा मोह आधी आवर. १४ मेगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींसाठी अर्धी तरंगलांबी साधारण १० मीटर भरते. डायपोल (मधोमध केबल जोडलेली सरळ तारेची अँटेना) तेवढ्या उंचीवर गेला की दूरचे संपर्क व्हायला लागतात. पहिल्याच फटक्यात २० मीटरचा हट्ट कशाला?

जागा निवडताना वर बघ. टॉवर आडवा पडला, तरी टोकावरच्या अँटेनासकट तो विजेच्या तारांपर्यंत पोचता कामा नये. अंतर उंचीच्या निदान दीडपट ठेव. यात तडजोड नाही.

नवखे लोक वजनाचा हिशेब करतात, वाऱ्याचा विसरतात. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. म्हणून ताणाच्या तारा हव्यातच: तीन दिशांना, १२० अंशांवर, खुंटे बुंध्यापासून उंचीच्या साठ-सत्तर टक्के अंतरावर. तारा वीणेसारख्या कसू नकोस. जास्त ताणामुळे खांबच वाकतो. (माझा वाकला होता. अजून वेलीला आधार म्हणून उभा आहे.) टर्नबकल (तारेचा ताण कमीजास्त करायचे फिरकीचे जोड) लावलेस तर त्यातून एक तार ओवून ठेव, नाहीतर वाऱ्याच्या थरथरीने ते हळूहळू उलगडतात.

पायाच्या काँक्रीटला पूर्ण ताकद यायला २८ दिवस धरतात. तेवढं थांब.

बुंध्याला बिजागरी केलीस तर अँटेना जमिनीवरच जोडता येते, चढायची वेळ येत नाही. उभारताना मात्र तिघं-चौघं हवेत आणि हुकूम एकाचाच. अर्थिंगची सळई आणि केबलचा लाइटनिंग अरेस्टर (आकाशातल्या विजेचा लोंढा जमिनीत वळवणारं साधन) त्याच दिवशी लाव. ‘नंतर करू’ म्हटलेलं राहूनच जातं.