गळाला शिशाऐवजी दुसरं कुठलं वजन चालेल?

तुम्ही विचारलंय की वांद्र्याच्या खडपावर (किनाऱ्यावरच्या खडकांवर) गरवताना, म्हणजे गळाने मासे धरताना, लागणारी 80 ग्रॅमची शिशाची वजनं घरीच गॅसवर ओतता, आता घरात रांगतं मूल आहे, तर शिशाला पर्याय काय.

ओतणं आजच थांबवा. शिसं 327 अंशांना वितळतं, आणि साचा जरा ओला असला की पाण्याची वाफ होऊन तापलेलं शिसं अंगावर उडतं. त्याहून वाईट म्हणजे वर जमणारी राखाडी साय. तिची भुकटी ओट्यावर, फडक्यावर, बोटांवर बसते आणि तिथून मुलाच्या तोंडात जाते. बारीक शिसं दातांनी दाबून तंगुसावर (गळाच्या नायलॉन दोरीवर) बसवायची सवय असेल तर तीही सोडा.

माझं मत लोखंडी सळईला. बांधकामावरच्या कुणालाही पाठ असलेला हिशोब इथे कामाला येतो: मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले 162, की मीटरमागे किलो मिळतात. 12 मिमीची सळई मीटरला 889 ग्रॅम, म्हणजे 9 सेंमीचा तुकडा 80 ग्रॅमचा. 16 मिमीची घेतलीत तर 5 सेंमी पुरे. टीएमटीची साल कडक असते, ड्रिल घसरतं. शक्यतो साधा गोल बार घ्या. वरच्या टोकापासून 6 मिमी खाली 4 मिमीचं भोक पाडा आणि दोन्ही बाजूंच्या कडा मोठ्या ड्रिलने हलकेच खरवडा. ती धार राहिली तर तंगूस कापला जातो आणि वजन एकटंच समुद्रात जातं. भोकात स्प्लिट रिंग (किल्ल्यांच्या कडीसारखी कडी) आणि तिला स्विव्हल (दोरीला पीळ पडू न देणारी फिरती कडी) लावलंत तर उत्तमच.

आता लोखंडाची उणी बाजू. शिशाची घनता 11.3, लोखंडाची 7.85. समुद्राच्या पाण्यात 80 ग्रॅम शिसं सुमारे 73 ग्रॅम भरतं, लोखंड 70. हा फरक किरकोळ आहे. पण तेवढ्याच वजनाचं लोखंड आकाराने जवळपास दीडपट होतं, त्यामुळे पाण्याची ओढ त्याला जास्त ढकलते. भांगाच्या (कमी भरती-ओहोटीच्या) दिवसांत हे जाणवणारही नाही. उधाणाला मात्र वजन घरंगळत जाऊन कपारीत बसतं. नुसतं 20 ग्रॅम वाढवून हे सुटत नाही. वाळूचा किंवा चिखलाचा तळ असेल तर खालच्या टोकाला दीड मिमी तारेचे चार पाय फाकवून बांधा. खडपावर पाय नकोत, ते अडकायलाच जातात.

खडपावर वजन जाणारच. म्हणून मुख्य दोरी 30 पाउंडाची (म्हणजे तेवढा ताण सोसणारी) असेल तर वजन 10 पाउंडाच्या वीतभर तंगुसावर बांधा. अडकलं तर तेवढंच तुटतं, गळ आणि मासा हाती राहतो. पण हे हलक्या हाताने जवळ टाकायचं असेल तरच. जोरात फेकलंत तर तो तुकडा हवेतच तुटतो आणि बॅंडस्टँडला मागे-पुढे माणसं असतात. लांब फेकायला वजन सरळ 30 पाउंडाच्या शॉक लीडरवरच, म्हणजे फेकीचा झटका सोसणाऱ्या पुढच्या दोरीवरच हवं (वजनाच्या दर 28 ग्रॅमला 10 पाउंड असा ठोकताळा).

दगड फुकट मिळतो, पण 80 ग्रॅमचा काळा दगड पाण्यात जेमतेम 52 ग्रॅम भरतो आणि लांब जात नाही. टंगस्टन शिशाहून जड, पण महाग. खडपात गमावायला परवडत नाही. गॅरेजमधला जुना स्पार्क प्लग चालतो, फट पक्कडीने दाबून बंद करा.

दोन ठिकाणी फसायला होतं. सोल्डरची तार कथलाची समजून घेतात. 60/40 लिहिलं असेल तर तिच्यात 40 टक्के शिसंच आहे. आणि लेथवर कातायच्या पितळेतही 3 टक्क्यांच्या आसपास शिसं असतं.

सळई गंजते, त्याचं फार वाईट वाटून घेऊ नका. घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवा, पुसून तेलाचं बोट फिरवा. पुढच्या वेळी निघण्याआधी भोकाच्या कडेवरून कापूस फिरवून बघा. धागे अडकले तर तो तुकडा पुन्हा खरवडून घ्या.