कॉम्प्युटर आर्किटेक्चरमध्ये पीएचडी करणारे नेमकं काय करतात? चिप बनवतात का?

कधीकधी बनवतात, पण बहुतेक वेळ चिप बनण्याआधीच्या प्रश्नांवर जातो.

रिस्क-फाइव्हचं उदाहरण घ्या. 2010 च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात प्रा. क्रस्ते असानोविच आणि त्यांचे दोन विद्यार्थी, अँड्र्यू वॉटरमन व युनसुप ली, यांना संशोधनासाठी साधा, मोकळा इन्स्ट्रक्शन सेट (प्रोसेसरला समजणाऱ्या सूचनांचा संच) हवा होता; त्यातूनच रिस्क-फाइव्ह हा इन्स्ट्रक्शन सेट घडला. तीन महिन्यांचं काम समजून सुरुवात केली, ते वर्षानुवर्षं चाललं. वॉटरमनने एक प्रश्न धरला: 32 बिटच्या सूचनांपैकी सतत वापरल्या जाणाऱ्या सूचना 16 बिटमध्ये बसवल्या तर? मग खऱ्या प्रोग्रॅममधल्या सूचना मोजायच्या, कुठली किती वेळा येते ते पाहायचं आणि त्यावरून एन्कोडिंग (कुठली सूचना कोणत्या बिटांनी लिहायची ते) ठरवायचं. फळ काय, तर प्रोग्रॅमचा आकार साधारण 25 ते 30 टक्क्यांनी घटतो. कॅशेवरचा (प्रोसेसरजवळच्या छोट्या, वेगवान मेमरीवरचा) ताणही कमी होतो. मला हे काम फार सुंदर वाटतं, कारण इथे प्रत्येक बिटसाठी पुरावा द्यावा लागतो.

रोजचं काम म्हणाल तर सिम्युलेटर (प्रोसेसरची सॉफ्टवेअरमधली नक्कल, जेम-फाइव्ह वगैरे) चालवणं, व्हेरिलॉग या हार्डवेअर वर्णनाच्या भाषेत डिझाइन लिहिणं, एफपीजीएवर (हवं तसं सर्किट पुन्हापुन्हा बसवता येणाऱ्या चिपवर) तपासणं. आणि वेव्हफॉर्ममध्ये (सर्किटमधले सिग्नल वेळेनुसार कसे बदलतात त्या आलेखात) बग शोधणं, त्यात दिवसच्या दिवस जातात! प्रत्यक्ष चिप छापून घेणं महाग, ती संधी सगळ्यांना मिळत नाही.

भारतात करायचं असेल तर आयआयटी मद्रासचा 'शक्ती' प्रोसेसर जरूर पाहा. तोही रिस्क-फाइव्हवरच आहे आणि त्याचं डिझाइन खुलं आहे, घरबसल्या वाचता येतं.