एक मूळ, तीन शब्द : इंडोनेशियन भाषांतराविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : एका सामाजिक संस्थेची पुस्तिका मी इंग्रजीतून इंडोनेशियनमध्ये करते आहे. ‘जस्टिस’साठी कोशात केआदिलान, पेरादिलान आणि पेङादिलान असे तीन शब्द सापडले. कोणता घ्यावा? अशा अमूर्त शब्दांसाठी काही रीत आहे का? (कोथरूड, पुणे)

उत्तर : तिन्हींचं मूळ एकच, ‘आदिल’ म्हणजे न्यायी. हा शब्द अरबीतून आला. केआदिलान म्हणजे न्याय, पेरादिलान म्हणजे न्यायव्यवस्था आणि पेङादिलान म्हणजे न्यायालय. ‘सोशल जस्टिस’ असेल तर ‘केआदिलान सोसियाल’ असंच लिहा. तिथे पेङादिलान पडलं तर वाचणाऱ्याला सामाजिक न्यायाऐवजी कोर्टकचेरी दिसेल. (‘के’, ‘पे’, ‘पेर’ यांतला ए लिहायचा, पण उच्चार ‘अ’च्या जवळ ठेवायचा.)

मराठीत आपण ‘-ता’ किंवा ‘-पणा’ लावतो आणि सुटतो. इंडोनेशियनमध्ये मुळाला पुढून आणि मागून कोंदण बसतं, आणि कोंदण बदललं की अर्थ बदलतो. म्हणून कोश उघडण्याआधी ते इंग्रजी वाक्य मराठीत बोलून बघा आणि विचारा : ही स्थिती आहे, कोणी करतंय ती क्रिया आहे, की शेवटी हाती उरलेली वस्तू आहे? स्थितीला बहुधा ‘के–आन’ लागतं. ‘मे-’ने सुरू होणाऱ्या क्रियापदाची क्रिया ‘पे–आन’मध्ये जाते : मेन्दिदिक म्हणजे शिकवणं, पेन्दिदिकान म्हणजे शिक्षण. ‘बेर-’च्या क्रियापदाला ‘पेर–आन’ : बेर्दामाय म्हणजे समेट करणं, त्यावरून पेर्दामायान. नुसतं ‘-आन’ आलं तर ती अनेकदा तयार झालेली वस्तू असते. बाङुनान म्हणजे इमारत आणि पेम्बाङुनान म्हणजे उभारणी, विकास.

आता ‘पीस’ म्हणजे शांतता घ्या. ध्यानाने मिळते ती केदामायान. दोन पक्षांनी तह करून आणली ती पेर्दामायान. इंग्रजीत शब्द एकच असल्यामुळे नवशिक्याचं इथे हमखास चुकतं.

कोंदणाचा उत्तम नमुना म्हणजे १९४५च्या इंडोनेशियन राज्यघटनेच्या प्रास्ताविकेतली पंचशील तत्त्वं : केतुहानान, केमानुसियान, पेर्सातुआन, केराक्यातान, केआदिलान. म्हणजे ईश्वरनिष्ठा, मानवता, एकता, लोकसत्ता आणि न्याय. चार शब्दांना ‘के–आन’ आहे, फक्त एकतेला ‘पेर–आन’, कारण ती ‘बेर्सातु’ म्हणजे एक होणं यावरून आली. ‘केसातुआन’ही आहे, पण तो देशाच्या अधिकृत वर्णनात : नेगारा केसातुआन रेपुब्लिक इंडोनेसिया, म्हणजे एकात्म राज्य. या दोन शब्दांची अदलाबदल चालत नाही.

‘के–आन’मध्ये एक खड्डा आहे. त्याचा अर्थ ‘नको असलेलं अंगावर येणं’ असाही होतो. ‘हुजान’ म्हणजे पाऊस, आणि केहुजानान म्हणजे पावसात सापडणं. ‘दिङिन’ म्हणजे थंड, पण केदिङिनान म्हणजे थंडीने कुडकुडणं. केबेसारान म्हणजे थोरवी, आणि सदरा अंगाला मोठा झाला तरी केबेसारानच. ‘माहाल’ म्हणजे महाग, त्यावरून केमाहालान म्हणजे परवडेल त्याहून महाग. तेव्हा ‘औषधांच्या महागपणामुळे’ असं म्हणायचं तर ‘-न्या’ जोडा : कारेना माहालन्या ओबात. (‘कारेना’ हे आपलंच ‘कारण’.) विशेषणाचं नाम करून लगेच ‘कशाचं’ सांगायचं असेल तर ‘-न्या’ सहसा फसवत नाही.

शेवटचं शुद्धलेखनाचं. ‘ताङ्गुङ जावाब’ म्हणजे जबाबदारी, ते दोन सुटे शब्द आहेत. पुढून आणि मागून दोन्हीकडे जोड लागली की सगळं एकत्र लिहायचं : पेर्ताङ्गुङजावाबान, म्हणजे हिशेब देण्याची जबाबदारी, इंग्रजीतली ‘अकाउंटेबिलिटी’. अन्याय म्हणजे केतिदाकआदिलान, तोही एकच शब्द. पण नम्रता म्हणजे ‘केरेन्दाहान हाती’ : जोड फक्त ‘रेन्दाह’ला लागली, म्हणून ‘हाती’ सुटं.

प्रश्न : माझं संस्कृत चांगलं आहे. इंडोनेशियनमध्ये संस्कृत शब्द भरपूर असल्याने अमूर्त शब्द मला सोपे जातील ना? (सदाशिव पेठ, पुणे)

उत्तर : ओळखीचे वाटतील, आणि तिथेच घात होईल. ‘चिंता’ म्हणजे तिथे प्रेम. काळजी नव्हे. ‘बिचारा’ हे विचारावरून आलं, पण अर्थ बोलणं. ‘सेङसारा’ हा संसार, अर्थ हालअपेष्टा. ‘उसाहा’ उत्साहातून आलं आणि आज प्रयत्न किंवा उद्योगधंदा झालं. ‘जासा’ म्हणजे यश, पण बिलावर ते सेवा म्हणून छापलं जातं. साधारणचं ‘सेदेर्हाना’ झालं, अर्थ साधं. संपूर्णचं ‘सेम्पुर्ना’, अर्थ निर्दोष. तरी सगळेच शब्द फसवे नाहीत : रहस्यावरून ‘राहासिया’, त्यावरून ‘केराहासियान’ म्हणजे गोपनीयता, हा सरळ लागतो.

सर्वांत उपयोगी पडेल तो ‘रासा’, म्हणजे भावना. इंग्रजी भावनावाचक नामाला एका शब्दात जागा सापडली नाही की ‘रासा’ आणि पुढे विशेषण किंवा क्रियापद ठेवा. रासा बेर्सालाह म्हणजे अपराधीपणा, आणि कुतूहल म्हणजे ‘रासा इङिन ताहु’, अक्षरशः जाणून घ्यायच्या इच्छेची भावना. माझ्या मते या भाषेतला हा सर्वांत सुंदर शब्दबंध आहे. केआमानान आणि ‘रासा आमान’ हेही वेगळे ठेवा. पहिली कुलपाने मिळते ती सुरक्षा, दुसरी मनाला वाटते ती. माहितीच्या सुरक्षेला केआमानानच लागेल.

प्रश्न : ॲपच्या मजकुरात ‘प्रायव्हसी’, ‘इंटेग्रिटी’, ‘ॲक्टिव्हिटी’ यांना देशी शब्द द्यावेत का? (हिंजवडी)

उत्तर : ‘प्रिवासी’ रुळलेला आहे, तोच ठेवा, गोपनीयता धोरणाला ‘केबिजाकान प्रिवासी’. इथे केबिजाक्सानान लिहू नका, त्याचा अर्थ शहाणपण. माहितीची अखंडता म्हणजे ‘इंतेग्रितास दाता’, आणि माणसाचा प्रामाणिकपणा म्हणायचा असेल तर केजुजुरान जास्त जवळचा. ‘ॲक्टिव्हिटी’ला ‘केगियातान’ चालतो. ‘आक्तिवितास’च हवा असेल तर तपासनिसाला एवढं सांगून ठेवा : ‘आक्तिफ’मध्ये रोमन एफ, पण ‘आक्तिवितास’मध्ये व्ही. तिथले लोकही इथे एफ लिहून जातात. क्रेआतिवितास आणि एफेक्तिवितास यांनाही तोच नियम लागतो.