अमेरिकेतल्या लॅटिनो स्थलांतरितांच्या मुलांना कॉलेज पुरं करणं इतकं जड का जातं? भारतीयांच्या मुलांना तर जमतं!

तुमच्या प्रश्नातलं दुसरं वाक्य इथल्या मराठी घरांतही सर्रास ऐकू येतं आणि मला ते मनापासून खटकतं, म्हणून आधी त्याबद्दल. इथे आलेले बहुतेक मराठी आईवडील एमएस करायला किंवा एच-वन-बीवर आले. त्या व्हिसाला पदवी लागतेच. म्हणजे मुलाच्या जन्माआधीच घरात कोणीतरी कॉलेज पाहिलेलं असतं. मी कॅलिफोर्नियात फ्रेस्नोच्या बाजूला एका कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या स्वस्त सरकारी कॉलेजात, गणित शिकवते. माझ्या वर्गातल्या कित्येकांचे आईवडील मेक्सिकोतल्या मिचोआकान, वाहाका अशा राज्यांतून शेतमजुरीला आले आणि त्यांची स्वतःची शाळा सहावीच्या आसपास सुटली. या दोन घरांतल्या मुलांना एका फूटपट्टीने मोजणं अन्यायाचं आहे.

अडचण पैशांची आहे, पण फीची तितकीशी नाही. राज्यातल्या रहिवाशांना कम्युनिटी कॉलेजात एका युनिटला (म्हणजे अभ्यासक्रमाच्या एका क्रेडिटला) ४६ डॉलर पडतात, आणि गरजू मुलांना बहुधा तेही माफ होतात. खरा खर्च घरभाडं, पुस्तकं आणि गाडीचा. इथे बस फारशा नाहीत, त्यामुळे गाडी बंद पडली की मुलाचं कॉलेजही बंद. या खर्चासाठी केंद्र सरकारची मदत मिळते, पण तिच्यासाठी फॅफ्सा नावाचा अर्ज भरावा लागतो आणि त्यात आईवडिलांच्या कमाईचा तपशील द्यावा लागतो. मूल इथे जन्मलेलं, नागरिक. आईवडिलांकडे मात्र इथे राहण्याची कागदपत्रं नाहीत, अशी घरं या भागात पुष्कळ आहेत. डिसेंबर २०२३ अखेर हा अर्ज नव्या रूपात आला, तेव्हा ज्यांच्या पालकांकडे सोशल सिक्युरिटी नंबर (कायदेशीर राहणाऱ्यांना मिळणारा सरकारी ओळख क्रमांक) नव्हता त्यांना तो सुरुवातीचे काही महिने ऑनलाइन धड पुरा करता येत नव्हता. पुढे एप्रिल २०२५ मध्ये करखातं आणि इमिग्रेशन खातं यांच्यात माहिती देण्याघेण्याचा करार झाला. तेव्हापासून घराचा पत्ता कुठल्याही सरकारी कागदावर लिहायची भीती आणखी वाढली. ‘राहू दे तो अर्ज, मी जास्त तास काम करतो,’ असं एखादा बाप म्हणाला, तर त्याला चूक कसं म्हणायचं?

ज्या मुलांकडे स्वतःचेच कागद नाहीत त्यांना केंद्राची मदत मुळीच मिळत नाही. लहानपणी इथे आणलेल्या अशा मुलांना देशाबाहेर काढण्यापासून तात्पुरतं संरक्षण देणारी २०१२ ची डाका योजना आहे, पण तिला जून २००७ पासून इथे सलग राहिल्याची अट आहे. आता कॉलेजात येणारी बहुतेक मुलं तेव्हा तान्ही होती किंवा जन्मलीही नव्हती. कॅलिफोर्नियाने २००१ पासून अशा मुलांना रहिवाशांची कमी फी लागू केली आणि पुढे राज्याची मदतही दिली. टेक्सासमध्येही २००१ पासून तशीच सवलत होती, ती जून २०२५ मध्ये कोर्टाच्या आदेशाने गेली. एकाच वयाची, एकाच गावाहून आलेल्या कुटुंबांतली दोन मुलं, पण राज्य कोणतं यावर त्यांचं शिक्षण ठरतं.

आणि मग घर. आमचं सत्र ऑगस्टच्या मध्यावर सुरू होतं, त्याच सुमारास बदाम झाडायला लागतात, मागोमाग मनुक्यांची द्राक्षं तोडून कागदावर वाळत घालायची वेळ येते. आईवडील पहाटे शेतावर जातात, धाकट्यांना शाळेत सोडायचं थोरल्या मुलीने. आईला दवाखान्यात न्यायचं, डॉक्टरांचं बोलणं समजावून सांगायचं, घरमालकाचं पत्र वाचायचं, हेही तिनेच. वाहाकाकडच्या काही घरांत तर आई मिश्तेको ही तिथली मूळ भाषा बोलते, तिला स्पॅनिशही बेताचंच येतं. कॉलेजने मोठ्या हौसेने छापलेली स्पॅनिश पत्रकं तिच्यापर्यंत पोचतच नाहीत.

एवढं सगळं पेलणारी मुलगी जिथे अडखळते ती जागा बघून माझा जीव तुटतो. दोन आठवडे वर्गाला येता आलं नाही की ती गुपचूप यायची थांबते. मुदतीच्या आत ऑनलाइन जाऊन विषय रीतसर सोडला तर नुकसान बरंच कमी होतं, हे तिला ठाऊक नसतं. विषय नावावर राहतो, नापासाचा शेरा पडतो, गुणांची सरासरी (४ पैकी) २.० च्या खाली जाते आणि पुढच्या वर्षीची मदत अडते. त्यावर कारणं देऊन अपील करता येतं, हेही घरात कोणी सांगणारं नसतं. शिक्षकांच्या भेटीच्या वेळेत ती माझ्याकडे येत नाही, कारण त्या वेळेत जाणं म्हणजे बाईंना त्रास देणं असं तिला वाटतं. तिच्या घरच्या वळणाप्रमाणे हा आदरच आहे. म्हणून मी आता पहिल्या परीक्षेनंतर प्रत्येकाला भेटीची वेळ नेमूनच देते.

ज्या योजना खरोखर चालतात त्या हेच करतात. पुएंते ही योजना १९८१ मध्ये हेवर्डच्या शाबो कॉलेजात सुरू झाली. तिच्यात इंग्रजीचा वर्ग, एकच ठरलेला समुपदेशक आणि मार्गदर्शक म्हणून गावातलं एखादं शिकलेलं, कमावतं माणूस, हे तिन्ही मुलाला मिळतं.

तुम्ही कॅलिफोर्नियात राहत असाल तर जानेवारी-फेब्रुवारीत हायस्कुलांमध्ये मदतीचे अर्ज भरून द्यायची शिबिरं असतात, तिथे हात द्यायला जा. कॅल ग्रँट या राज्याच्या शिक्षण-मदतीची मुदत एरवी २ मार्चला संपते. स्पॅनिश येत नसलं तरी अडत नाही, मुलं स्वतःच दुभाषी असतात. टॅक्सचा कागद वाचून कुठला आकडा कुठे भरायचा हे शांतपणे सांगणारं माणूस तिथे कायम कमी पडतं.