अमेरिकेत विद्यापीठाच्या पोलिसांत डिस्पॅचरचं काम नेमकं कसं असतं?

तुमचा प्रश्न असा : ग्रीन कार्ड आलंय, घराजवळच्या विद्यापीठाच्या पोलिस विभागात डिस्पॅचरची, म्हणजे मदतीचे फोन घेऊन पोलिसांना पाठवणाऱ्याची, जागा निघालीय, आणि माणसांशी बोलायची आवड एवढ्या भांडवलावर हे काम जमेल का. मी मिडवेस्टमधल्या एका विद्यापीठात नऊ वर्षं हे काम करतेय, बहुतेक रात्रपाळीत. अर्ज जरूर करा. बोलण्याची आवड मात्र बाजूला ठेवावी लागेल. इथे ऐकायचं असतं, आणि सगळ्यात आधी एकच गोष्ट ऐकायची असते : कुठे?

आपल्याकडे हे अनेकांना माहीत नसतं, की इथल्या मोठ्या विद्यापीठांचं स्वतःचं पोलिस खातं असतं. वॉचमन नव्हेत, शपथ घेतलेले, अटकेचा अधिकार असलेले पोलिस. त्यांना कुठे जायचं ते सांगणारा आवाज आपला. काय झालं ते नंतर विचारता येतं. ठिकाण कळलं असेल तर फोन मध्येच तुटला तरी गाडी निघते.

आणि ठिकाण हीच कॅम्पसवरची सगळ्यात अवघड गोष्ट. मुलांना पत्ते माहीत नसतात. "लायब्ररीच्या मागे, जिथे सगळे बसतात तिथे," असं सांगतात. मोबाइलवरून ९११, म्हणजे इथला आणीबाणीचा नंबर, लावला तर तो पुष्कळदा शहराच्या किंवा काउंटीच्या (जिल्ह्याच्या) केंद्रात जातो, तिथून आमच्याकडे येतो, आणि घाबरलेल्या मुलीला सगळं पुन्हा सांगावं लागतं. कॅम्पसवर मदत मागायला निळ्या दिव्याचे खांब असतात; त्यावरचं बटण दाबलं, तर कुठला खांब ते लगेच कळतं. पहिल्या वर्षी मी एकदा चुकले. एकाच देणगीदाराच्या नावाच्या दोन इमारती, एक वसतिगृह आणि एक प्रयोगशाळा. मी अधिकाऱ्याला भलत्याच ठिकाणी पाठवलं. चार मिनिटं गेली. पायऱ्यांवरून पडलेल्या मुलीचा घोटा मोडला होता, जिवावरचं काही नव्हतं. तरी तेव्हापासून मी इमारतीचं नाव ऐकलं की "समोर काय दिसतंय?" हे विचारल्याशिवाय राहत नाही.

मुळात ९११ लागण्याच्या बाबतीत तर कायदाही बदलला, तो एका लहान मुलीमुळे. २०१३ साली टेक्ससमधल्या एका हॉटेलच्या खोलीत आईवर हल्ला होत असताना नऊ वर्षांच्या मुलीने चार वेळा ९११ फिरवला. फोन लागला नाही, कारण तिथे बाहेरच्या लाइनसाठी आधी ९ दाबावा लागे. आई गेली. त्या आईच्या, कारीच्या, नावाचा 'कारीज लॉ' १६ फेब्रुवारी २०२० पासून लागू झाला, आणि तेव्हापासून बसणाऱ्या अशा नव्या फोन यंत्रणांमधून ९११ थेट लागलाच पाहिजे.

रोजचं काम म्हणाल तर किल्ली आत राहिली, मायक्रोवेव्हमध्ये पॉपकॉर्न जळून फायर अलार्म वाजला, पार्किंगपर्यंत सोबत हवी. त्यातच एखादा कॉल येतो.

फेब्रुवारीतली रात्र, जिममधून फोन. मित्र बास्केटबॉल खेळताना कोसळलाय. शुद्धीवर आहे का? नाही. नेहमीसारखा श्वास घेतोय का? "हो, घोरतोय." हेडसेटमधून मलाही तो आवाज येत होता : एक घरघर, मग बराच वेळ काहीच नाही, मग पुन्हा एक. हृदय थांबल्यावर पहिली काही मिनिटं असा आवाज येऊ शकतो. तो श्वास नसतो. एकाला एईडी, म्हणजे हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र, आणायला पळवलं, दुसऱ्याला छातीच्या मधोमध दोन्ही हात ठेवायला सांगितलं. दोन इंच खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा. मी मोठ्याने आकडे मोजत होते, एका हाताने टाइप करत होते, पायाने रेडिओचं पेडल दाबून अधिकाऱ्याला दार सांगत होते. मग बुटांचे आवाज आले, कुणीतरी "आम्ही बघतो" म्हणालं आणि फोन बंद झाला. पुढचा फोन किल्लीचा होता. तोही त्याच आवाजात घ्यावा लागतो. बहुतेक वेळा पुढे काय झालं ते आपल्याला कधीच कळत नाही. या मुलाचं सहा दिवसांनी कळलं : वाचला.

भारतातून आईवडिलांचे फोनही येतात. तिकडून ९११ लावून उपयोग नाही, त्यामुळे आमचा दहा आकडी नंबर शोधून करतात. एकदा पहाटे तीनला, म्हणजे तिकडे दुपारी दीडला, एक बाई अडखळत इंग्रजीत सांगत होत्या, की मुलगा दोन दिवस फोन उचलत नाही. आडनाव ऐकून मी म्हटलं, "काकू, मराठीत बोला." पलीकडे क्षणभर काहीच नाही, मग त्या रडायलाच लागल्या. आम्ही याला वेलफेअर चेक म्हणतो. अधिकारी दारावर जाऊन बघतो. त्या मुलाचा फोन बिघडला होता आणि तो लॅबमध्येच झोपत होता. आईला फोन कर, एवढं अधिकाऱ्याला त्याला सांगायला लावलं. तुमची मुलं इकडे असतील तर त्यांच्या कॅम्पस पोलिसांचा थेट नंबर आणि वसतिगृहाचं नाव आजच लिहून ठेवा.

निवड लांबते. बोटांचे ठसे, पार्श्वभूमीची चौकशी, टायपिंग, काही ठिकाणी लाय डिटेक्टरसुद्धा. मग कित्येक आठवडे प्रशिक्षकाशेजारी बसून शिकायचं. एक गोष्ट मला मनापासून खुपते : अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या व्यवसायांच्या वर्गवारीत आमचं काम २०१८ च्या सुधारणेतही कार्यालयीन साहाय्यकांच्या गटातच ठेवलं गेलं. ज्याने फोनवर आकडे मोजून एखाद्याचं हृदय चालू ठेवलंय, त्याला हे सहन होत नाही.

अर्जाआधी विचारून बघा, पुष्कळ खाती शेजारी बसून एक पाळी बघू देतात. सत्र सुरू झाल्यानंतरची शुक्रवारची रात्र मागून घ्या, आणि जेवण करून जा.