शेणखत घातले, तरी गहू पिवळा का पडला?

प्रश्न : पेरणीच्या पंधरा दिवस आधी आम्ही हेक्टरी दहा टन शेणखत घातले आणि आधीच्या पिकाचे चारेक टन काडही जमिनीत गाडले. एवढे सेंद्रिय खत पुरेसे होईल असे समजून पेरणीच्या वेळी युरिया निम्माच दिला. उगवण चांगली झाली. पण तीन-चार आठवड्यांत खालची पाने पिवळी पडू लागली आणि फुटवेही कमी आले. शेजारच्या तुकड्यात केवळ युरिया दिलेला गहू मात्र हिरवागार आहे. शेणखताने आमचे नुकसान केले का?

उत्तर : नुकसान शेणखताने केलेले नाही. ते काडाने केले आहे आणि त्यातील काही भाग अजून सावरता येतो. परंतु तसे ठरवण्यापूर्वी पिवळेपणा कोठून सुरू झाला हे पाहणे आवश्यक आहे. रोपाचे सर्वांत खालचे पान हातात घ्यावे. पिवळेपणा शेंड्यापासून सुरू होऊन मधल्या शिरेच्या कडेने देठाकडे सरकत असेल आणि वरचे कोवळे पान हिरवे असेल, तर ती नत्राची (नायट्रोजनची) कमतरता होय, कारण नत्र कमी पडले की रोप जुन्या पानांतले नत्र काढून नव्या पानांना पुरवते. कोवळी पानेच आधी फिकट पडत असतील तर गंधकाचा किंवा लोहाचा विचार करावा. मुळांशी पाणी साचून राहिले असेल, तरीही गहू पिवळा पडतो. तेथे आधी पाण्याचा निचरा करावा, खत नंतर.

आपले वर्णन नत्राच्या कमतरतेकडे बोट दाखवते. गव्हाच्या किंवा तत्सम तृणधान्याच्या काडात सुमारे 40 टक्के कर्ब (कार्बन) आणि जेमतेम अर्धा टक्का नत्र असते. म्हणजे चार टन काडाबरोबर 1600 किलो कर्ब आणि केवळ 20 किलो नत्र जमिनीत गेले. कर्ब-नत्र गुणोत्तर 80 ला 1 झाले. काड कुजवणारे सूक्ष्मजीव या कर्बापैकी साधारण तिसरा हिस्सा स्वतःच्या शरीरात घेतात, उरलेला श्वसनातून हवेत जातो. त्यांच्या शरीरात दर आठ ते दहा भाग कर्बामागे एक भाग नत्र लागते. सुमारे 530 किलो कर्ब शरीरात बांधायचा, तर त्यांना 50 किलोंहून अधिक नत्र हवे. काडात 20 किलोच आहे. उरलेले तीस-पस्तीस किलो ते मातीतील अमोनियम आणि नायट्रेटमधून उचलतात. रोपाची कोवळी मुळे त्याच साठ्यावर अवलंबून असतात आणि या स्पर्धेत सूक्ष्मजीव जवळजवळ नेहमीच जिंकतात.

आता शेणखताचा हिशेब पाहू. चांगल्या शेणखतात सुमारे अर्धा टक्का नत्र धरले, तर दहा टनांत 50 किलो होते. परंतु त्यातील बहुतेक नत्र सेंद्रिय संयुगांत बांधलेले असते. ते कुजून अमोनियम होईपर्यंत मुळांना घेता येत नाही. पहिल्या हंगामात साधारण पाव हिस्साच मोकळा होतो, म्हणजे बारा-तेरा किलो. त्यातच माती थंड असली की कुजण्याचा वेग मंदावतो, आणि गव्हाला नेमके तेव्हाच नत्र हवे असते. काडाने अडवलेले तीस-पस्तीस किलो एका पारड्यात आणि शेणखताने दिलेले बारा-तेरा किलो दुसऱ्यात. त्यावर युरियाही निम्माच. पीक उपाशी राहणारच होते. मी स्वतः एकदा अशाच पिवळ्या पडलेल्या ओळीशेजारी खुरप्याने दोन बोटे माती बाजूला केली, तेव्हा काडाचे तुकडे जसेच्या तसे सोनेरी, कडक निघाले होते. असे काड दिसले की कुजणे अजून बाकी आहे आणि नत्र अडकण्याचा काळ संपलेला नाही, असे समजावे.

हे नत्र नाहीसे झालेले नाही. काड कुजत आले आणि सूक्ष्मजीव उपासमारीने मरू लागले की ते पुन्हा मातीत मोकळे होते. मात्र गव्हाला तोवर थांबता येत नाही. खोडाच्या तळाशी मुकुटमुळे फुटण्याची अवस्था पेरणीनंतर साधारण 21 दिवसांनी येते. त्यानंतर फुटवे धरतात आणि पीक कांडी धरू लागले, म्हणजे खोड उंच होऊ लागले, की नत्राची मागणी झपाट्याने वाढते. फुलोऱ्यापर्यंत पिकाने आपल्या वाट्याचे बहुतांश नत्र घेतलेले असते. म्हणून राखून ठेवलेला युरिया कांडी धरण्यापूर्वीच द्यावा. तो कोरड्या मातीवर किंवा न कुजलेल्या काडावर नुसता फेकू नये. पाण्याआधी द्यावा किंवा मातीत मिसळावा. उघड्यावर पडलेल्या युरियाचे युरिएज या विकरामुळे (एंझाइममुळे) विघटन होते, दाण्याभोवतीच्या मातीचा सामू (पीएच) वाढतो आणि नत्र अमोनिया होऊन हवेत उडते. नाकाला झोंबणारा तो वास आपण कधीतरी घेतलाही असेल. न आलेले फुटवे आता येणार नाहीत, पण ओंबीतील दाण्यांची संख्या आणि दाण्यांचे वजन अजून सावरता येते.

पुढच्या वेळी काड पेरणीच्या बरेच आधी, ओल असताना गाडावे, त्याच वेळी त्यावर थोडे नत्र द्यावे आणि शेणखत पूर्ण कुजलेलेच वापरावे.

प्रश्न : शंभर किलो युरियात 46 किलो नत्र असते आणि ते लगेच मिळते. मग टनांनी शेणखत वाहून नेण्यात अर्थ काय?

उत्तर : केवळ या हंगामाच्या नत्रासाठी वाहून नेत असाल, तर फारसा अर्थ नाही, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. शेणखताचे खरे काम मातीवर होते आणि ते वर्षानुवर्षे साचत जाते. इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड या कृषी संशोधन केंद्रात लॉज आणि गिल्बर्ट या शास्त्रज्ञांनी 1843 मध्ये ब्रॉडबाल्क नावाच्या शेतात गव्हाचा जो प्रयोग सुरू केला, तो आजही चालू आहे. तेथील काही पट्ट्यांना कधीच खत दिलेले नाही, काहींना केवळ रासायनिक खते मिळतात आणि काहींना दरवर्षी हेक्टरी 35 टन शेणखत. शेणखताच्या पट्ट्यांतील सेंद्रिय कर्ब बिनखताच्या पट्ट्यांच्या दुपटीहून अधिक झाला आहे. दीर्घकाळ शेणखताचे उत्पन्न आणि योग्य रासायनिक खतांचे उत्पन्न जवळपास सारखेच राहिले. परंतु आधुनिक, अधिक नत्र पेलणारी बुटकी वाणे आल्यावर शेणखत आणि त्यावर थोडे रासायनिक नत्र अशा एकत्र पट्ट्यांनी दोन्ही एकएकट्या पद्धतींना मागे टाकले. मला या प्रयोगातील ही बाब सर्वांत मोलाची वाटते. भुसभुशीत मातीत मुळे खोल जातात, ओल टिकते, अमोनियम धरून ठेवण्याची मातीची क्षमता वाढते. त्यामुळे वरून दिलेल्या युरियातील अधिक हिस्सा पिकाच्या पोटात जातो.

याच पट्ट्यांची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. 35 टन शेणखतातून दरवर्षी सुमारे 240 किलो नत्र येते आणि एवढे गहू घेऊ शकत नाही. शेत मोकळे असताना कुजणे चालूच राहते, तयार झालेले नायट्रेट पावसाबरोबर खाली झिरपते. सेंद्रिय नत्र भूजल दूषित करत नाही, हा समज म्हणूनच चुकीचा आहे. नायट्रेट शेणखतातून आले की युरियातून, हे मुळाला किंवा पाण्याला कळत नाही.

प्रश्न : कृषी पदविकेच्या अभ्यासात ‘नत्र वापर कार्यक्षमता’ ही संज्ञा येते. शेतावर ती कशी मोजावी?

उत्तर : या नावाखाली दोन वेगळे आकडे वापरले जातात आणि त्यांची गल्लत होते. समजा, नत्र न दिलेल्या पट्ट्यात दाणा आणि काड मिळून पिकाने 60 किलो नत्र घेतले आणि 120 किलो नत्र दिलेल्या पट्ट्यात 114 किलो घेतले. वाढ 54 किलोंची, म्हणजे दिलेल्या नत्रापैकी 45 टक्के पिकाला लागू पडले. ही नत्राची पुनर्प्राप्ती. उत्पन्न 2.4 टनांवरून 4.4 टनांवर गेले असेल, तर दर किलो नत्रामागे सुमारे 17 किलो अधिक दाणा मिळाला. ही कृषी कार्यक्षमता. जगभरच्या तृणधान्यांसाठी रॉन आणि जॉन्सन या संशोधकांनी 1999 मध्ये पुनर्प्राप्तीचा जो अंदाज मांडला, तो केवळ 33 टक्क्यांचा होता.

शेणखत असलेल्या प्रयोगात मात्र सावध राहावे. शेणखतातील नत्र हिशेबातच धरले नाही, तर युरियाची कार्यक्षमता विनाकारण फुगते. ते सर्व पहिल्याच वर्षाच्या खात्यावर टाकले, तर शेणखत निकामी ठरते. तीन-चार हंगामांची बेरीज केल्याशिवाय त्यावर मत देऊ नये. दाण्यातील नत्र काढण्यासाठी प्रथिनांच्या टक्केवारीला 5.7 ने भागावे. 12 टक्के प्रथिने असलेल्या चार टन दाण्यांतून सुमारे 84 किलो नत्र शेताबाहेर जाते. फुलोऱ्याच्या सुमारास दिलेले नत्र उत्पन्नापेक्षा प्रथिनेच अधिक वाढवते, म्हणून केवळ उत्पन्न पाहून त्याचा निवाडा करू नये.

या सर्वांसाठी शेतात दोन मीटर रुंदीचा, नत्र अजिबात न दिलेला एक पट्टा दरवर्षी राखावा लागतो. तो शेताच्या कडेला नको, मध्यभागी हवा. खुंट्या ठोकून त्याची हद्द ठरवावी आणि खत टाकणाऱ्याला ती दाखवून ठेवावी. कापणीच्या वेळी त्यातील गहू वेगळा कापावा, वेगळा मळावा आणि काडासह वेगळा तोलावा.